ब्रेकला वंगण

माझा नातू ट्रक चालवतो. त्याच्या ट्रकचे ब्रेक म्हणे हवेवर चालतात. घाटाच्या तोंडाशी तो गाडी उभी करतो, काट्यावर हवा पुरेशी भरलीय का ते बघतो, दोनदा ब्रेक दाबून फुस्स-फुस्स ऐकतो आणि मगच उताराला लागतो. मागचे लोक भोंगे वाजवून वाजवून दमतात, पण हा पठ्ठ्या जागचा हलत नाही. परवा मला ऐटीत म्हणाला, "आजी, हे आम्हाला शिकवणीत शिकवलं." मी हसले. त्याच्या आजोबांना हे कुणीच शिकवलं नव्हतं, आणि ह्याच सवयीपायी त्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. ही सवय नसती, तर लग्न करायला आम्ही दोघंही उरलो नसतो, ही गोष्ट निराळी.

मी कडावची. आमची भातशेती होती, आणि बाची बैलगाडी होती. बा म्हणजे माझे वडील. पावसाळा सरला की ते तांदूळ भरून बोरघाट चढत आणि येताना गूळ नाहीतर बटाटे भरून उतरत. उताराला गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका साखळीने बांधायचा, तो फरफटत आला की गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. हे सगळे गाडीवान करायचे. पण बाची खरी मिजास होती ती वंगणाची. एरंडेलात जळक्या पेंढ्याची राख खलून ते स्वतः वंगण करत आणि बांबूच्या नळ्यात भरून ठेवत. हा नळा बैलगाडीला टांगलेला असे आणि गाडी सोडली की बाच्या खांद्यावर. लग्नाला जाताना पागोटं एकवेळ विसरतील, नळा नाही. बाची गाडी रस्त्याने गेली तर बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज येत नसे. दुसऱ्या कुणाची गाडी कुरकुरत गेली की बा ओटीवरून ओरडत, "अरं, बैलांच्या जिवाला काय वाटत असंल? वंगान घाल की मेल्या!" आणि तो थांबेपर्यंत नळा घेऊन रस्त्यात पोचलेले असत.

अशा माणसाच्या दारासमोर लॉरी येऊ लागली.

तेव्हा आमच्या भागात लॉऱ्या मोजक्याच होत्या. कडावच्या भाताच्या गिरणीतून तांदूळ उचलायला एक लॉरी यायची. ती थांबताना असा काही आवाज करायची की आमचे बैल दावं ओढायचे, कोंबड्या माळ्यावर चढायच्या आणि बाच्या तोंडून शिव्यांचा पट्टा सुटायचा. किर्रर्र करत लॉरी चिंचेखाली उभी राहायची, आणि त्यातून एक सावळा, शेलाटा ड्रायव्हर उतरायचा. बा त्याला विचारायचे, "तुझ्या चाकात वंगान नाय का रं?" तो म्हणायचा, "आवाज चाकाचा नाय, मामा. ब्रेकचा हाय. तो येतोय ते बरंच हाय." बाच्या मते हे आळशी माणसाचं बोलणं होतं.

मला मात्र तो आवाज फार आवडायचा, हे आता सांगायला कुणाच्या बापाची भीती नाही. किर्रर्र ऐकू आलं की मला विहिरीवर काम निघायचं. पहिल्यांदा तो बादली घेऊन विहिरीवर आला तेव्हा म्हणाला, "थोडं पाणी मिळंल का? लॉरीला पाहिजे."

मी म्हटलं, "दावणीला बांधा तिला, मग पाजते."

तो लाजला. मोठा बाप्या माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. तो लाजला म्हणून मला आवडला, की मला आवडला म्हणून मी त्याला लाजवला, हे मला अजून उलगडलेलं नाही. पुढे दर खेपेला लॉरीला पाणी लागायचं आणि दर खेपेला मी काहीतरी बोलायचे.

हे ज्या एका माणसाला कळलं ती माझी आत्या. आत्या खंडाळ्यात दिलेली, आणि हा ड्रायव्हर तिच्या सासरच्या नात्यातला. ती चतुर बाई होती. तिने मला काही विचारलं नाही, थेट बाकडे गोष्ट काढली. बा भडकले. "बैलाबिगर गाडी हाकतो तो. बैलाला जीव असतो, पुढं कडा दिसला तर तो आपसूक थांबतो. लोखंडाला काय कळतंय? पोरगी विधवा करायची हाय का मला?"

आत्या म्हणाली, "दादा, एकदा त्याच्या शेजारी बसून घाट उतर. मग बोल."

बाला ही अट पसंत पडली, कारण घाटात माणूस ओळखायची कला फक्त आपल्यालाच आहे असा त्यांचा समज होता. त्यांनी जाहीर केलं, "बसतो. पर घाट बघून त्याचा पाय कचरला तर पोरगी नाय. परत इचारायचं नाय." आमच्या बाचं नाही म्हणजे नाही असायचं. धाकट्या काकाशी बटाट्याच्या एका पोत्यावरून धरलेला अबोला त्यांनी मरेपर्यंत सोडला नव्हता. तेव्हा माझं सगळं आयुष्य आता त्या लॉरीवाल्याच्या पायावर येऊन ठेपलं, आणि त्या भल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

आत्याच्या नातवाचं बारसं आलं. बा आणि मी पायवाटेने घाट चढून खंडाळ्याला गेलो. आत्याने निरोप धाडला होता, की तिच्या विहिरीचा रहाट कुरकुरतो, तेवढं वंगण घेऊन ये. म्हणून बाने नळा काठोकाठ भरून घेतला होता. बारसं झालं, रहाट गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ती लॉरी बटाट्याची पोती भरून आत्याच्या दारात आली. आली ती किर्रर्र करतच. आत्याही चार दिवस माहेरी येणार होती.

ड्रायव्हरला आत्याने घुगऱ्या खायला आत बोलावलं. मी बोचकं घेऊन बाहेर आले, तर बा लॉरीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. नळ्यातली काडी बुडवून बुडवून ते मन लावून वंगण लावत होते. त्या लॉरीच्या मागच्या चाकांवर लोखंडाचं एकेक पिंप होतं आणि त्याभोवती एक पट्टा. पट्टा उघडाच असायचा, हात घातला तर सहज लागेल असा. बाने एका चाकाचा पट्टा माखला, मग फिरून दुसऱ्या चाकाचा. मला बघून हळूच म्हणाले, "गप ऱ्हा. आयुष्यात पयल्यांदा ह्या लॉरीला सुख मिळतंय."

मला काय ठाऊक! मी गप्प राहिले. मनात एवढंच आलं, की आता ही मुकाट येऊन थांबली तर मला विहिरीवर कधी जायचं ते कळणार कसं? खरं सांगते, त्या घटकेला मला एवढीच चिंता पडली होती.

निघालो. बा ड्रायव्हरच्या शेजारी, आत्या आणि मी मागे पोत्यांवर. घाटाच्या तोंडापर्यंत सपाट रस्ता. तिथे चहाची एक टपरी होती आणि दोन-तीन लॉऱ्या उभ्या असायच्या. हा ड्रायव्हर तिथे दर खेपेला गाडी थांबवायचा, ब्रेक पाहायचा, उतरून चारी चाकं हाताने चाचपायचा आणि मगच घाटाला हात घालायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसत. पेट्रोल वाचावं म्हणून घाटात इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून देणारे बहाद्दर होते ते. टपरीवर मोठी छाती त्यांचीच असायची.

टपरी दिसली तसा त्याने ब्रेक दाबला. किर्रर्र झालं नाही. लॉरी थांबलीही नाही. टपरीच्या बाकड्यावर बसलेले लोक कपबशा टाकून पळाले. त्याने हाताचा ब्रेक ओढला, तोही त्याच माखलेल्या मागच्या चाकांचा; पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. लॉरी चालली आपली गुळगुळीत, बाच्या बैलगाडीसारखी, कुठेही कुरकुर नाही. मग त्याने इंजिन बंद केलं, गियर तसाच ठेवला आणि रस्ता दुरुस्तीसाठी कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगात लॉरीचं तोंड घुसवलं. आम्ही थांबलो. आत्या माझ्यावर पडली आणि आमच्या दोघींवर एक पोतं.

पुढून बाचा आवाज आला. "अरं, सपाटीवर थांबवता येईना तुला? इथंच थांबायचं काय नडलं होतं? घाट बघून हातपाय गाळलेस तू!"

तो खाली उतरला. मागच्या चाकाशी गेला, पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. एरंडेलाचा वास काही लपत नाही. त्याने वर बघितलं. बाच्या खांद्यावर नळा लटकत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली.

एव्हाना टपरीवरचे बहाद्दर गोळा झाले होते. त्यांतला एक ढेरपोट्या म्हणाला, "काय रं, काय झालं?"

बा मला ठाऊक होते. घाटातला सगळ्यांत जुना गाडीवान, त्याला चार ड्रायव्हरांनी हसलेलं त्यांना सोसलंच नसतं. ते मला तशीच हाताला धरून पायवाटेने खाली घेऊन गेले असते, आणि त्या माणसाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नसतं.

तो म्हणाला, "मीच वंगान घातलं. लई कुरकुरत होती."

असा हशा झाला की विचारू नका. ढेरपोट्या तर मुरमावर बसूनच राहिला. "ब्रेकला वंगान! अरं, मग इस्टेरिंगला लोणी लाव!" त्या दिवसापासून घाटात त्याचं नाव वंगणशेट पडलं. पुढे कितीतरी वर्षं, अगदी तीन पोरांचा बाप झाल्यावरही, खोपोलीच्या नाक्यावर लोक त्याला "काय वंगणशेट" म्हणूनच हाक मारायचे. तो हात वर करून हसायचा आणि पुढे जायचा. मला मात्र दर वेळी राग यायचा.

बा हसले नाहीत. पण त्यांचा ताठा तसा उतरणारा नव्हता. लोक पांगले तसे ते म्हणाले, "एवढंसं वंगान. त्यानं काय व्हतंय? चल, उतर घाट."

"नाय मामा. नाय उतरनार."

"मंग आपलं ठरलंय. पोरगी नाय."

तेव्हा त्या बिचाऱ्याला पहिल्यांदा कळलं की आज आपली परीक्षा चालली होती. त्याने एकदा आत्याकडे बघितलं. आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग तो म्हणाला, "नाय दिलीत तरी चालंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालंल? एवढ्या बादल्या पाणी शेंदलं त्या लॉरीसाठी, आणि ह्याला चालंल? पोत्यातला एक बटाटा मी हातात घेतलाही होता.

त्याचं वाक्य पुरं झालं नव्हतं. "नाय दिलीत तरी चालंल, मामा. पर तीच तर वर बसलीय पोत्यांवर. तिला घेऊन ह्या ब्रेकावर मी घाट नाय उतरनार."

बटाटा मी पोत्यात परत ठेवला. बा खिशातून विडी काढून पेटवायला लागले.

मी पोत्यांवरून खाली उडी मारली. हे मी का केलं ते मला माहीत नाही, पण तिथे दोघंही गडी खांबासारखे उभे होते आणि कुणीतरी हलायला हवं होतं. मी त्याला विचारलं, "तेल निघालं की भागेल ना?" तो म्हणाला, "निघालं पाहिजे पुरतं." मी म्हटलं, "तेलकट भांडी जन्मभर घासत आलेय. टोपलीभर राख आणि नारळाच्या शेंड्या आणा." आत्या टपरीकडे धावली. त्याने डब्यातून पेट्रोल काढलं आणि पट्ट्यावर ओतणार, एवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की बा विडी ओढत शेजारीच उभे आहेत. आत्या, मी, तो आणि टपरीवाला असे चौघंही एकदम ओरडलो. बाने दचकून विडी अशी फेकली की ती पार दरीत गेली. एका दिवसात दुसऱ्यांदा आपण सगळ्यांना मारायला निघालो होतो, हे त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं. मला त्यांची कीवही आली आणि हसूही आलं. मी आपलं तोंड चाकाकडे फिरवलं.

लोकांच्या मुली बघायला पाहुणे येतात, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन खाली मान घालून बसते, तिला चालून दाखव म्हणतात. माझं बघणं लॉरीखाली झालं. लुगड्याचा काचा मारलेला, कोपरापर्यंत काळे हात, आणि शेजारी एक माणूस पेट्रोलने पट्टा धुतोय, मी राखेने घासतेय, पुन्हा तो पुसतोय. घासता घासता त्याने मला सांगितलं, की बैलगाडीला वंगण लावतात ते चाक सुखाने फिरावं म्हणून, आणि हा पट्टा आहे तो चाकाला फिरू न देण्यासाठी. तो पिंपाला घासला तर गाडी थांबते, आणि घासतो तेव्हाच ओरडतो. पलीकडे बा उभे होते. हे सगळं मला सांगितलं जात होतं, पण आवाज मात्र पार बापर्यंत पोचेल एवढा होता.

मग त्याने इंजिन चालू केलं. आम्हाला वर चढू दिलं नाही. लॉरी मागे घेतली, सपाट रस्त्यावर थोडी पळवली आणि ब्रेक दाबला. आवाज नाही, नुसती घसरत घसरत थांबली. पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं. आत्या देवाचं नाव घेत होती. टपरीवरचे बहाद्दरही आता हसायचं थांबून बघत उभे होते. त्याने पुन्हा लॉरी पळवली, ब्रेक दाबला.

किर्रर्र!

"वरडली गं बाय!" आत्याने टाळ्या पिटल्या. आणि मी बघितलं तर बा हसत होते. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीची कुरकुर ऐकून घेतली नाही, तो माणूस त्या कर्कश आवाजावर दात काढून हसत होता. ड्रायव्हरने आणखी दोन-तीनदा पाहून घेतलं, दर वेळी किर्रर्र झालं, आणि मग तो म्हणाला, "बसा."

ज्या गियरमध्ये घाट चढतात त्याच गियरमध्ये आम्ही उतरलो, माणूस चालतो तेवढ्या चालीने. इंजिन सारखं गुरगुरत होतं. तो ब्रेकवर पाय ठेवून बसला नाही. दाबायचा, सोडायचा, जरा वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा दाबायचा. सारखा दाबून धरला तर पट्टे तापून सुटतात, असं तो बाला सांगत होता आणि बा चक्क ऐकून घेत होते. प्रत्येक वळणावर किर्रर्र व्हायचं आणि पुढून बाचा आवाज यायचा, "हाय!" पुढच्या वळणावर पुन्हा किर्रर्र, पुन्हा "हाय!" खोपोली येईपर्यंत आत्यासुद्धा त्यांच्याबरोबर ओरडायला लागली होती.

कडावला पोचलो. लॉरी चिंचेखाली थांबली, बैलांनी दावं ओढलं, कोंबड्या माळ्यावर गेल्या. बा उतरले, आणि लग्नाबद्दल एक अक्षर न बोलता घरात गेले. आम्ही तिघं तसेच उभे. ड्रायव्हर माझे काळे हात बघत होता आणि मला ते कुठे लपवावे कळत नव्हतं. एवढ्यात बा घरातून बादली घेऊन आले. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उभी काय ऱ्हायलीस? लॉरीला पाणी नको का?"

विहिरीवरची ती पाण्याची भानगड बाला कधीपासून ठाऊक होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. लाज वाटली.

लग्न आमच्या मांडवातच झालं. वरात त्याच लॉरीतून निघायची होती, म्हणून आत्याने मागच्या चाकाशी पाट टाकून तिथेच बैठक मारली होती. कुणी विचारलं तर सांगायची, "इथं वारं लागतंय." वरात निघायच्या वेळेला बा खरोखरच नळा घेऊन लॉरीकडे आले. आत्या दोन्ही हात पसरून उभी राहिली. बा तिला वळसा घालून पुढे गेले आणि त्यांनी तो नळा खांद्यावरून काढून जावयाच्या हातात ठेवला.

"हा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला सवय वाईट हाय."

वंगण कुणी घातलं होतं ह्याबद्दल बा आयुष्यात एवढंच बोलले. त्यांची गाडी पुढे कुरकुरायला लागली तेव्हा ते शेजाऱ्याकडून वंगण मागून घ्यायचे, पण नवा नळा त्यांनी केला नाही. माझ्या नवऱ्याने तो नळा धुऊन लॉरीत डोक्याशी टांगला, आणि मी तो राखेने भरून दिला.